पंचनाम्याचा कॅमेरा

जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेला दमट वास आला की मले यवतमाळचं ते दुकान आठवते. कापसापायी माणसं विष पिऊन मरत होती, ती वर्षं. लग्नाचे फोटो काढायले कॅमेऱ्याची जुनी डिजिटल बॉडी पाहत होतो. दोन होत्या, एक लग्नांत घासलेली, दुसरी कोरीच म्हणा ना. "ही फक्त पोलिसांच्या पंचनाम्याले जाये," दुकानदार कोरी पुढं करत माझ्या कानात बोलला. बायको दुकानाच्या दारातून म्हणे, "मढ्याचे फोटो काढलेली नाही ना? तिच्यासमोर मी नाही बसत." "नाही वं," म्हणालो अन् जास्त टिकेल म्हणून कोरीच घेतली. घरी पहिला फोटो तिचाच काढला. दोनदा कॅमेरा डोळ्याले लावून खाली घेतला. ती हसली, "घाबरून काहून राह्यले? मी का मढं हावो?" आज हार त्याच फोटोले आहे. त्याच्यापुढं उभं राहूनही खरं सांगवत नाही.