दुसरं हँडल

१९८५ साल होतं आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. हे आधीच सांगून टाकतो — म्हणजे कोणी म्हणायला नको की लहान वय होतं, समज नव्हती. समज होती. कानाजवळचे केस पिकले होते, मोठ्या पोरीच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं.

आणि आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही — ती गेली, काही न कळता गेली. बहिणीजवळ तर नाहीच. मग तुम्हाला काहून सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं माझी मान खाली गेलेली मला चालत नाही. तेव्हाही चालत नव्हती, आजही नाही. सगळं तिथूनच सुरू होतं — पण थांबा, सरळ सांगतो.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तीही धड नाही. पण मशीन कुठं दुखते ते मला हात लावला की कळायचं. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. नागपुरात इतवारीतल्या तेलाच्या घाण्यांच्या जळलेल्या मोटारी मी तार गुंडाळून बांधल्या, सीताबर्डीतल्या अर्ध्या दुकानांचे टेपरेकॉर्डर माझ्या हाताखालून गेले. कोणी शिकवलं नाही. मला नावानं कोणी हाक मारत नसे, ‘मिस्त्री’ म्हणत. मला ते नावापेक्षा गोड लागायचं.

तेव्हा सीताबर्डीत एका शेठनं कॅसेटचं दुकान मोडून तिथं व्हिडिओ गेमच्या मशीनी मांडल्या. उभी लाकडी पेटी, वरती टीव्हीचा पडदा, खाली उतरती फळी. त्या फळीवर दोन हँडल आणि दोन्हीजवळ बटणं. पडद्यावर वरून विमानं यायची आणि खालून आपण गोळ्या झाडायच्या. बाकीच्या मशीनींवर एकटा खेळायचा. ही एकच अशी होती की दोघांनी एकाच वेळी खेळावं — डावीकडचं हँडल एकाचं, उजवीकडचं दुसऱ्याचं. दुसऱ्यानं आपलं बटण दाबलं की पडद्यावर त्याचं विमान उगवायचं. कॉलेजातली पोरं जोडीनं यायची ती या मशीनीसाठीच. शेठचं दुकान तिच्यावर चालायचं.

शेठनं दुरुस्तीचं काम माझ्याकडं दिलं आणि दुकानात बसायला भरवशाचा माणूस मागितला. मी नामदेवचं नाव सांगितलं.

नामदेव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, शांताचा नवरा. नागपूरजवळच्या कुही गावचा. मॅट्रिक झालेला, वयानं माझ्याहून बराच लहान, पण घरचा जावई — म्हणून मी ‘नामदेवराव’च म्हणायचो, ‘तुम्ही’च म्हणायचो. तो मला दादा म्हणायचा. शांताला पोरीला नागपूरच्या शाळेत घालायचं होतं, दुसरं काही नको होतं तिला. ही नोकरी लागली, तशी त्यांनी इतवारीत एक खोली घेतली आणि पोर शाळेत जायला लागली. शांता मला म्हणाली होती, “दादा, तुह्या शब्दावर आलो आमी.” माझ्या शब्दावर. हे लक्षात ठेवा.

आता जे कोणाला माहीत नाही ते सांगतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आणि नामदेव त्या मशीनीवर खेळायचो. शेठ दुपारी यायचा, त्याला पत्ता नव्हता. खेळू या असं पहिल्यांदा कोणी म्हटलं? मी. डावं हँडल माझं, उजवं त्याचं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आणि त्याच्या बहिणीचा नवरा, खांद्याला खांदा लावून विमानं पाडत होते. त्याचा हात हलका होता, फुलं वेचल्यासारखा खेळायचा. मी हँडल उपटून काढल्यासारखा. “दादा, विमान पाडाचं आहे, विहीर नाई खणाची,” असं म्हणायचा आणि हसायचा. इंग्रजीत पडद्यावर काय लिहून येतं ते तोच मला वाचून दाखवायचा. मला राग यायचा नाही. म्हणजे — थोडा यायचा.

मग दसरा आला.

दसऱ्याला मी हत्यारांची पूजा करतो. पेचकस, पाने, टेस्टर, मीटर — आणि जी मशीन पोट भरते ती. मोटारीच्या अंगावर हळद-कुंकू लावावं, झेंडूचा हार घालावा आणि नारळ तिच्याच लोखंडावर फोडावा, असं माझं चालत आलेलं. घाण्यावर असंच करायचो. शेठ म्हणाला, करा मिस्त्री, तुमच्या हातानं करा. मी दोघांनी खेळायच्या मशीनीची पूजा आधी मांडली. फळीवर कुंकू वाहिलं. पेटीच्या कडेला लोखंडी पट्टी होती, तिच्यावर फोडायला नारळ उचलला.

तेव्हा नामदेव हळूच म्हणाला, “दादा, फरशीवर फोडा ना जी. वरून पाणी आत जाईन.”

शेठ उभा होता, बाजूच्या दुकानातले दोघं-तिघं प्रसादाला आले होते. त्यांच्यापुढं हा माणूस मला मशीन शिकवायला लागला — मी आणलेला, काल-परवा कुहीहून आलेला.

“मिस्त्री मी आहो का तुमी?” मी म्हणालो.

सगळे हसले. तोही हसला. आणि मी नारळ जरुरीपेक्षा जोरात हाणला. पाणी पट्टीवरून फळीवर उडालं, उजव्या हँडलच्या बुडाशी गेलं, बटणांच्या भोवती साचलं, कुंकवाचा लाल ओघळ झाला. मी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसून टाकलं. मशीन चालू केली — दोन्ही हँडल चालली. मी नामदेवकडं पाहिलं. कसं पाहिलं असेन ते तुम्हीच समजा.

कोजागिरीपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर एका दुपारी दोन पोरं खेळायला उभी राहिली. पहिल्याचं विमान आलं. दुसरा बटण दाबतो, दाबतो — काही नाही. हँडल हलवतो, काही नाही. एकट्याचा खेळ चालू, दुसऱ्याला आत घेतच नाही. पोरं चिडून निघून गेली. दुसरी जोडी आली, तीही गेली. संध्याकाळपर्यंत बातमी कॉलेजापर्यंत गेली असावी, कारण त्यानंतर जोड्या यायच्याच थांबल्या. शेठ दारात उभा राहून रस्त्याकडं पाहायला लागला.

मी मशीन उघडली. फ्यूज पाहिला. वीज किती येते ती मीटरनं मोजली. मागचं झाकण काढून एक-एक तार ओढून पाहिली. पडद्यामागची सर्किटची मोठी प्लेट काढून तिच्यावरची धूळ झटकली. नामदेव बाजूला टॉर्च धरून उभा. शेवटी मी एक गोष्ट केली — आणि ती कोणत्याही चांगल्या मिस्त्रीनं सगळ्यांत आधी केली असती. दोन्ही हँडलच्या तारा आत एकमेकींच्या जागी लावल्या. आता डाव्या हँडलनं दुसऱ्याचं विमान चालायला हवं. बटण दाबलं. चाललं. दुसऱ्याचं विमान उगवलं आणि छान उडायला लागलं.

म्हणजे प्लेट चांगली, तारा चांगल्या. दोष फक्त फळीखाली, उजव्या बाजूला. फळीला चार स्क्रू. हातात पेचकस.

मला तेव्हाच सगळं कळलं. फळी न उघडताच कळलं. आत काय दिसणार ते मला नारळ फोडल्या दिवशीच माहीत होतं — मग सकाळपासून मी बाकी सगळी मशीन काहून उपसत होतो? कारण ती फळी उघडायची तर टॉर्च नामदेवच्या हातात होता. तो पाहणार होता. तो काही बोलला नसता. ते तर आणखी वाईट.

मी तारा होत्या तशा लावल्या आणि पेचकस खिशात घातला.

शेठ आला. “काय झालं मिस्त्री? काही सापडलं का?”

आता सांगायला हवं होतं ना? एक वाक्य होतं. शेठ, चूक माझी, नारळाचं पाणी गेलं, एका तासात करून देतो. शेठ मला खाऊन टाकणार नव्हता. नोकरी जाणार नव्हती माझी. काय जाणार होतं? चार माणसं पुन्हा एकदा हसली असती, एवढंच. एवढंच — आणि तेवढंच मला नको होतं.

मी म्हणालो, “हँडल आतून तुटलं आहे शेठ. कोणीतरी हाणून-हाणून खेळून राहिलं. सकाळी, दुकान उघडाच्या आंदी.”

“सकाळी कोण असते दुकानात?”

मी नामदेवकडं पाहिलं. बस. नाव घेतलं नाही — पाहा, इतकी वर्षं मी या एका गोष्टीला धरून बसलो, की मी नाव घेतलं नव्हतं. याला काय अर्थ आहे?

शेठनं त्याला विचारलं, “खेळता का तुम्ही?” नामदेव खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. “हो,” म्हणाला. “कोणतं हँडल?” “उजवं.” सगळं खरं. “उद्यापासून येऊ नका,” शेठ म्हणाला. नामदेवनं एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, की डाव्या हँडलवर कोण असते ते यायले, दादाले, विचारा. तो म्हणाला नाही. माझ्याकडं पाहून एवढंच बोलला, “दादा, फळी एकडाव उघडून पाहा ना जी. मंग मी जातो.”

“उघडून काय पाहाचं आहे,” मी म्हणालो. “पुर्जा मुंबईहून आणा लागते.”

टॉर्च त्यानं टेबलावर ठेवला. चप्पल घातली आणि गेला.

दिवाळीच्या आतच खोली सुटली. पोरीचं नाव शाळेतून काढलं. ती पुढं सातवीपर्यंत कुहीतच शिकली आणि मग लग्न झालं तिचं. नामदेव धानाच्या गिरणीत लागला, तिथंच म्हातारा झाला, दोन वर्षांमागं वारला. शांतानं मला कधी विचारलं नाही. त्यानं तिला सांगितलं होतं का? माहीत नाही. विचारायची हिंमत मला झाली नाही आणि होणारही नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा आता रडतो. नाही रडत. तुम्ही म्हणाल, त्यानंतर मिस्त्रीगिरीत मन लागलं नसेल. लागलं. चांगलं लागलं. वीस-बावीस वर्षं आणखी काम केलं, लोकांनी नाव घेतलं, मी ते ऐकून घेतलं. दर दसऱ्याला हत्यारं पुजली, मशीनी पुजल्या. नारळ मात्र फरशीवर फोडला. कोणी विचारलं नाही काहून ते. आता पोरं घरी बसून लांबच्या मित्रासंगं असाच गोळ्यांचा खेळ खेळतात आणि मित्र आत आला नाही की नेटवाल्याला शिव्या घालतात. मी बाजूला बसून ऐकतो.

आता राहिलं ते सांगतो.

ती मशीन दिवाळीपर्यंत एकट्याचीच राहिली. मी शेठला मुंबईच्या पुर्ज्याची वाट पाहायला लावलं. पाडव्याच्या दुपारी दुकान बंद होतं. किल्ली माझ्याकडं होती. गेलो, शटर अर्धं वर केलं आणि ते चार स्क्रू काढले. फळी उलटी केली.

मुंग्या होत्या. बटणाखालच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता आणि त्यात कुंकू वाळून चिकटलं होतं. हँडल तुटलेलं नव्हतं. त्याला साधा ओरखडाही नव्हता. मी पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, पेट्रोलच्या बोळ्यानं पुसल्या, फळी बसवली. मशीन चालू केली. दोन्ही बटणं दाबली.

दोन विमानं उगवली. डावं मी धरलं. उजवं तसंच उभं राहिलं, त्याला चालवायला कोणी नव्हतं. वरून गोळ्या आल्या आणि ते पडलं. मी माझं खेळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळच्या एसटीनं शांता आली, सोबत नामदेव. मला वाटलं होतं तो येणार नाही. हातात नव्या तांदळाची पिशवी होती, ती त्यानं माझ्या बायकोच्या हातात दिली. मग माझ्यासमोर बसला आणि पाण्याचा गिलास खाली ठेवत विचारलं, “चालू झालं का जी दादा, दुसरं हँडल?”

“झालं,” मी म्हणालो. “मुंबईहून पुर्जा आला.”

“बरं झालं,” तो म्हणाला.

शांतानं आतून ताट आणलं आणि पाट मांडला. “ये दादा, बस,” म्हणाली. मी उठलो. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, पाटावर मांडी घालून बसलो. तिनं बोटावर कुंकू घेतलं. मी कपाळ पुढं केलं.