कुत्रीचं औषध

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमची कुत्री भिंतीकडे बघत बसली होती. भिंतीवर साधी मुंगीसुद्धा नव्हती. मी दोनदा हाक मारली, तिने कान हलवला नाही. आमच्या पिंप्राळ्यात त्या दिवसांत नळाचं पाणी सकाळीच हात भाजतं, तेव्हा उन्हाने सुस्तावली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तिला झटके येत. पहिला आला होळीच्या सुमारास, मिनिटभराचा. गुरांच्या डॉक्टरांनी रोज दोन वेळा गोळी सुरू केली आणि मला समोर बसवून सांगितलं, "गोळी चुकवायची नाही. झटका पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्धीवर न येता एकावर एक यायला लागले, तर वाट बघायची नाही. मेंदू शिजतो त्यात." असल्या वेळी नाकात मारायचा एक फवारा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. मेडिकलवाला रोज म्हणायचा, "ताई, मागवलाय." तो फवारा काही आला नाही, आखाजी मात्र आली.

आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरची. लेकी माहेरी येतात, खापरावर पुरणाचे मांडे होतात, आणि घागर भरून पितरांना घास दिल्याशिवाय कुणाच्या तोंडात काही पडत नाही. कुत्रीची गोळी माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रोज भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायचे. सणाच्या दिवशी भाकरी कुठली? आबांनी गोळी मांड्यात घातली. वर्षाचा सण आहे, तिलाही गोड मिळू दे, हा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची बाज सरकवली, तर खाली गोळ्या पडलेल्या. आदल्या दिवशीच्याही आणि त्या सकाळचीही, सगळ्या पुरण चाटूनपुसून स्वच्छ केलेल्या.

मी वळले तेव्हा ती दारापुढच्या ओट्यावर आडवी झाली होती. पाय हवेत पळत होते, जबडा करकर वाजत होता आणि तोंडाला फेस. आबा ओरडले, "कांदा आन, कांदा! तिले कांदा सुंगाड!" माणसाला फेफरं आलं की आमच्याकडे कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात. आबांनी दोन्ही धरलं. कुत्रीला दोन्हीचं काही नव्हतं. एक झटका ओसरतोय म्हणेपर्यंत दुसरा सुरू झाला, मधे तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

फाटकाशी गल्ली जमली. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं! कोणी म्हणे तोंडात पाणी ओता, कोणी म्हणे दातांत चमचा घाला. मग मागून एक जण म्हणाला, "पिसाळनी शे ती. बठ्ठा दूर व्हा." त्याबरोबर दोघं-तिघं काठ्या आणायला घरात गेले. मी फाटकाची कडी लावून म्हटलं, "कोणी आत पाऊल टाकलं तर आधी मी चावेन." हसलं कोणी नाही.

डॉक्टर सणाला रावेरकडे गावी गेले होते. आवाज ऐकू येईना म्हणून मी फोन घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले आणि स्पीकर लावला. ते म्हणाले, "तोंडात काही घालू नका, हातसुद्धा नाही. अंग तापलं असेल, पोटाला आणि पंजांना ओला फडका लावा, पंखा लावा. तो फवारा आहे ना?" मी नाही म्हटलं. ते हळूच म्हणाले, "मग अवघड आहे, ताई. दवाखान्यापर्यंत टिकली पाहिजे." मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"काकू."

मागच्या बुटक्या भिंतीपलीकडे शेजारच्या अक्कांची लेक उभी होती. फाल्गुनात धुळ्याला दिलेली, लग्नानंतरची पहिली आखाजी. तिला न्यायला नवरा आणि सासू आलेले, जेवून पुढच्या खोलीत कूलरसमोर बसलेले. तिने पदराखालून हात काढला. हातात रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली होती, वर नाकात धरायची नळी. डॉक्टर सांगत होते तोच फवारा.

"डॉक्टरांना वजन सांगा, ते म्हणतील तेवढाच द्या. दोन्ही नाकपुड्यांत वाटून," ती भराभरा म्हणाली. मग थांबली. "काकू, घरी कोणाला माहीत नाही."

ती लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. शाळेतून मधेच घरी आणायचे, परीक्षेला बसू द्यायचे नाहीत, अक्का म्हणायच्या अशक्तपणा आहे. मी विश्वास ठेवला होता. मुलगी उजवायची असली की घरातला आजार असा फडक्यात बांधून ठेवतात आणि वर गाठ मारतात. मी तिला काही विचारलं नाही, वेळच नव्हता. एवढंच विचारलं, "दुसरी आहे ना तुझ्याकडे?"

तिने मान हलवली. ती हो होती का नाही, हे मी त्या वेळी बघितलं नाही.

ओट्यावर आबांनी कुत्रीचं डोकं चादरीवर धरून ठेवलं होतं. डॉक्टर फोनवर सांगत गेले तसा मी फवारा मारला. आधी काहीच झालं नाही. काठ्या फाटकाला टेकल्या होत्या. मग मागचे पाय संथ झाले, मग पुढचे, आणि छाती नुसती वरखाली होत राहिली. आबा तिच्या कानाशी तोंड नेऊन रडले. मीही रडले, गल्लीसमोर.

"काय मारलं हो तिच्या नाकात?" आवाज शेजारच्या फाटकातून आला. लेकीची सासू बाहेर येऊन उभी होती आणि तिचे डोळे माझ्या हातावर होते. तिच्यामागे दारात लेक. चेहऱ्याचा रंग पार उडालेला.

मला नको तिथे नेहमीच सुचतं. "कुत्रीचं औषध आहे," मी ठणकावून म्हटलं. "गुरांच्या दवाखान्यातलं. माणसांना चालत नाही, विष आहे माणसांना." आबांनीही री ओढली, "हां, कुत्रीनं औषध शे ते." सासूने नाकाला पदर लावला आणि आत गेली. लेकीने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला वाटलं, वाचवलं पोरीला.

रिक्षा करून आम्ही कुत्रीला गावातल्या, सणातही उघड्या असलेल्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत पुन्हा झटका आला तर म्हणून फवारा माझ्या मुठीतच होता. तिथे सलाईन लागलं, इंजेक्शन झालं, ताप उतरला. ऊन कलल्यावर तिने डोळे उघडले आणि आबांचा हात चाटला. परत येताना आबा नुसते हसत होते.

गल्लीत वळलो तर अक्कांच्या दारात गाडी उभी. डिकीत मांड्यांचा डबा चढत होता. लेक मागच्या सीटवर, शेजारी सासू. मी रिक्षातून उतरून तशीच खिडकीशी गेले, आणि तिथे गेल्यावर मला कळलं की मी काय करून बसले आहे. मूठ उघडायची कशी? जे माणसांना विष आहे ते मी नव्या सुनेच्या हातात काय म्हणून देणार? डब्यात लपवावं, तर डबा सासरी गेल्यावर सासू उघडते आणि भाऊबंदांत वाटते.

"दुसरी आहे ना?" मी पुन्हा विचारलं, जसं काही साडीबद्दल विचारतेय.

तिने मान हलवली. या वेळी मी नीट बघितलं. नाही, अशी हलवली.

माझी मूठ उघडायला लागली होती, तेवढ्यात अक्का मधे आल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोटं एकेक करून परत मिटवली. "राहू द्या, ताई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "कुत्रीला लागेल तुमच्या." त्यांचे हात बर्फासारखे गार होते, वैशाखात.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. अक्का फाटकाला धरून उभ्या होत्या. लेकीची चिठ्ठी इथल्याच डॉक्टरची, औषध इथेच मागवून मिळायचं, तेही उशिरा, आणि आता लेक यायची ती राखीला. मी म्हटलं, "अक्का, जावयाला तरी सांगा." त्या म्हणाल्या, "सांगू. बस्तान बसू दे तिचं."

तो फवारा आमच्या कपाटात आहे. कुत्री धडधाकट आहे, भाकरीतली गोळी मुकाट खाते, तिला पुन्हा झटका आलेला नाही. दुपारी भिंतीपलीकडे अक्कांचा फोन वाजला की मी हातातलं काम थांबवते आणि त्या काय बोलतात ते ऐकत उभी राहते. राखी अजून लांब आहे.