तीन मैदानं आणि एक पूर्ण पान

बाबांना इथे काय काय दाखवायचं याची मी यादी करून ठेवली होती. कुठल्या दिवशी काय, किती वाजता निघायचं, सगळं रकान्यांत. विमानतळावरून घरी येताना गाडीत ती वाचून दाखवायला लागलो. त्यांनी खिडकीतून नजर न काढता मला थांबवलं.

"ते राहू दे. मला स्टेडियम दाखव."

"कुठलं?"

"तिन्ही. अबूधाबी, दुबई, शारजा. एकेका मॅचचं एकेक पान लिहून नेतो. मंडळात सांगून आलोय."

मंडळ म्हणजे आमच्या गावचं क्रीडा मंडळ. बाबा हायस्कुलात शिपाई होते आणि दर रविवारी मंडळाचे स्कोअरर. टेनिस बॉलच्या स्पर्धांपासून तालुक्याच्या सामन्यांपर्यंत तीसेक वर्षं त्यांनी मांडवात बसून प्रत्येक चेंडू लिहिला. मंडळाच्या लोखंडी कपाटात त्या वह्या ओळीने लावलेल्या आहेत. शारजा त्यांना शाळेच्या टीव्हीमुळे माहीत. टीव्हीच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची, आणि शारजाला मॅच असली की निम्मे मास्तर त्यांच्यामागे फिरायचे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. अबूधाबीला लागून असलेल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका फॅब्रिकेशन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. आलेल्या कागदावर सगळे रकाने भरलेत का, योग्य माणसाची सही आहे का, हे बघणं माझं काम. हे कॉलेजात शिकलो असं मी बायोडेटात लिहितो. खरं तर हे मी मांडवात बाबांच्या शेजारी बसून शिकलो. त्यामुळे त्यांचं हे एवढंसं मागणं पुरं करणं मला अगदी सोपं वाटलं होतं. व्हिसा महिन्याचा, हातात तीन शनिवार, आणि त्या मोसमात दुपारच्या ट्वेंटी-ट्वेंटी मॅच तिन्ही मैदानांवर होत्या. यात अवघड काय आहे?

पहिला शनिवार अबूधाबीचा. आमच्या घरापासून स्टेडियम वीस मिनिटांवर. मॅचची वेळ धाकट्या भावाने गावाहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती: चार. आम्ही पावणेचारला ऐटीत पोहोचलो. पार्किंग भरलेलं होतं. याचं मला कौतुकच वाटलं, लोक किती वेळेवर येतात! गेटपाशी पोहोचेपर्यंत आतून मोठा आरडाओरडा झाला.

"सराव चाललाय वाटतं," मी म्हणालो.

"सरावाला एवढी माणसं ओरडत नाहीत," बाबा म्हणाले.

आत गेलो तर सतरावी ओव्हर चालू होती. भावाने भारतातली वेळ पाठवली होती. इथे अडीच वाजता मॅच सुरू झाली होती. बारा वर्षं या देशात राहून, रोज घरी फोन करताना दीड तास वजा करणारा मी, नेमका त्या दिवशी वजा करायला विसरलो.

वही मांडीवर बंद ठेवून बाबांनी पहिला डाव नुसता बघितला. मध्यंतरात मी म्हणालो, "बाबा, फोनवर पहिल्यापासूनचा प्रत्येक बॉल आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा. दहा मिनिटांचं काम."

"मी बघितला नाही तो बॉल मी कसा लिहू?"

"अहो, पण खरा आहे तो!"

"असेल. मी नव्हतो ना तिथं."

दुसरा डाव त्यांनी लिहिला. पानावरची पहिल्या डावाची बाजू कोरी. घरी आल्यावर माझी तेरा वर्षांची मुलगी त्या कोऱ्या बाजूकडे बघून म्हणाली, "आजोबा, इट्स ऑल ऑन द अ‍ॅप." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "हो गं बाय." वही मात्र कपाटात ठेवून दिली.

दुसरा शनिवार दुबईचा. या वेळी मी तिकिटावरची वेळ तीनदा वाचली. अडीच तास आधी निघालो. रस्ता मोकळा, पार्किंग मिळालं, रांग छोटी. सामन्याला पाऊण तास होता. माझा जीव पहिल्यांदाच भांड्यात पडला. मग तपासणीच्या टेबलावर गार्डने बाबांची कंपासपेटी उघडली.

ही पेटी मी शाळेत असतानाची. आत दोन पेन्सिली, लाल-निळी पेनं, खोडरबर, सहा इंचांची पट्टी आणि वहीच्या कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड. पेन्सिलला टोक काढायला. आमच्या गावात प्रत्येक कंपासपेटीत ते असायचंच, त्यामुळे मला ते डोळ्यांसमोर असूनही कधी दिसलं नव्हतं. गार्डला दिसलं.

"चाचा, ये क्या है?"

"पेन्सिल के लिए," बाबा म्हणाले. "टोक... टोक निकालने को."

"ये ब्लेड है, चाचा."

"आधा है," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले.

गार्डने सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझर आणखी कुणाला तरी बोलवायला गेला. आम्हाला बाजूच्या पत्र्याच्या खोलीत खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. सगळे फार चांगले वागले, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. मी माझं ओळखपत्र दाखवलं, बाबांचा पासपोर्ट दाखवला, हा माणूस शाळेत नोकरीला होता, हा स्कोअर लिहितो, असं हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं. तिसरा अधिकारी आला, त्याने वही चाळली, बाबांकडे बघून हसला, ब्लेड एका पाकिटात घातलं आणि जा म्हणाला. मी बाबांचा हात धरून निघालो. तेवढ्यात ते थांबले.

"पावती?"

"कसली पावती?"

"त्यांनी वस्तू ठेवून घेतली ना. परत द्यायला नको?"

"बाबा, अर्धं ब्लेड आहे ते!"

जागेवर बसलो तेव्हा तीन ओव्हर होऊन गेल्या होत्या. तीन ओव्हर म्हणजे अठरा चेंडू. पान पुन्हा अर्धवट. परतीच्या वाटेवर मी जे बोलायला नको ते बोललो. या युगात हे असलं लिहायचंच कशाला, कोण वाचतं ते, त्या कपाटाला शेवटचा हात कुणी लावला होता, असं सगळं. मुसफ्फाच्या वळणावर बाबा म्हणाले, "मंडळात मी पान आणतो म्हणून सांगितलंय. एक तरी पुरं झालं पाहिजे. शारजाचं झालं तर बरं."

म्हणजे सगळा भार आता शारजावर. शारजाच्या मॅचनंतरच्या गुरुवारी त्यांचं विमान.

मी काही म्हणजे काही नशिबावर सोडायचं नाही असं ठरवलं. शुक्रवारीच आम्ही अजमानला माझ्या कॉलेजच्या वसतिगृहापासूनच्या मित्राकडे मुक्कामाला गेलो. तिथून शारजाचं मैदान जवळ, आणि दुबईकडून येणाऱ्या रस्त्यावर अडकायची भीती नाही. सकाळी मी बाबांची कंपासपेटी मित्राच्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. त्यांचे खिसे तपासले. चष्म्याचं घरही उघडून बघितलं.

मित्र चहा पीत बघत होता. "काय रे, मॅचला चाललायस का बापाला तुरुंगात सोडायला?"

"तू गप बस. बाबा, ब्लेडचं दुसरं अर्धं कुठाय?"

"गावी. खिडकीत."

"नक्की?"

"अरे, मी शिपाई होतो, चोर नव्हतो," बाबा म्हणाले. मित्र एवढा हसला की चहा सांडला. मी त्याच्या मुलाचं शार्पनर मागून घेतलं आणि पेटीत टाकलं.

मित्राने आम्हाला बारा वाजताच गेटवर सोडलं. गेट उघडायला तासभर होता. त्या उन्हात मी वेळेवर असण्याची शिक्षा भोगत उभा राहिलो. बाबा मात्र बाहेरून मैदानाचे दिवे मोजत होते. शाळेच्या टीव्हीवर ते एवढे जवळ दिसत नसत, म्हणाले.

आत गेल्यावर पहिला चेंडू पडला आणि धाव नाही म्हणून बाबांनी पहिलं टिंब दिलं. मी मोठा श्वास सोडला. पहिला डाव संपूर्ण लिहून झाला. एकही घर रिकामं नाही. त्यांच्या पलीकडे पेशावरचा एक टॅक्सीवाला सुट्टीच्या दिवशी आला होता. तो मधूनमधून वहीत डोकावून म्हणायचा, "चाचा, छक्का देखा ही नहीं आपने!" बाबा मान वर न करता म्हणायचे, "देखा, देखा." खरोखरच बघितलेला असायचा. चेंडू सीमेपार जाईपर्यंत बघायचे आणि लोक ओरडायला लागले की खाली बघून लिहायचे.

दुसऱ्या डावाच्या पंधराव्या ओव्हरपासून ते पाय हलवायला लागले. मला कळलं. मधुमेहाचा माणूस, तीन तास बसून.

"जाऊन या," मी म्हणालो.

"मॅच संपू दे."

"बाबा!"

सोळावी ओव्हर सुरू होताना त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "नीट लिही. बॅट्समनपुढे एकदा, बोलरपुढे एकदा. दोन्हीकडे." आणि पायऱ्या चढायला लागले.

पहिला चेंडू टिंब. दोन्हीकडे लिहिलं. दुसऱ्यावर एक धाव. बोलरच्या घरात लिहिली, आणि फोन वाजला. ऑफिस. मुसफ्फात शनिवारी काम चालू असतं.

"तपासणीचा रिपोर्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे? क्लायंट आलेत."

मी फोल्डर सांगितला, त्यातला फोल्डर सांगितला. मान वर केली तर फलंदाज टोकं बदलून उभे होते आणि फळ्यावर एक धाव वाढलेली. तिसरा चेंडू मी बघितला नव्हता.

मला एवढा संताप आला की वही फेकून द्यावीशी वाटली. फोन हातातच होता. बोट लावलं असतं तर तो चेंडू दिसला असता. बाबांना कधीच कळलं नसतं. पण आठवड्यातून एकदा तरी मी ऑफिसात असा कागद परत पाठवतो, ज्यावर सही आहे पण सही करणारा त्या दिवशी साइटवर नव्हता. लोक माझ्या नावाने खडे फोडतात. मी घर रिकामं सोडलं आणि उरलेले तीन चेंडू डोळे फाडून बघितले.

बाबा आले. बसायच्या आधीच त्यांना ते रिकामं घर दिसलं.

"हा कुठाय?"

"फोन आला."

ते पलीकडे टॅक्सीवाल्याकडे वळले. "भाईसाब, इस ओव्हर का तीसरा बॉल?"

"पैर पे लगा, चाचा. एक भाग लिया."

"अंपायरने क्या किया?"

टॅक्सीवाल्याने गुडघा उचलून त्यावर हात आपटून दाखवला. बाबांनी समाधानाने लेग बाय लिहिला.

"मग दुबईला पण असंच विचारायचं होतं की!" मी जवळजवळ ओरडलोच.

"एक बॉल माणसाला आठवतो. अठरा कोण सांगेल?" ते म्हणाले. "मांडवात दोन टीमचे दोन स्कोअरर असतात ते कशाला? एकाचा चुकला तर दुसऱ्याला विचारायचं. दुसरा तिथं बसलेला पाहिजे, एवढंच."

मॅच सूर्य मावळायच्या सुमारास संपली. माणसं उठली. बाबांनी बेरजा सुरू केल्या, आणि फलंदाजांच्या धावा व अवांतर मिळून आकडा फळ्यापेक्षा एकाने कमी आला. पुन्हा केली. पुन्हा एकाने कमी.

"फळ्यावरचा आकडा लिहा आणि चला," मी म्हणालो.

"एक धाव गेली कुठं?"

एक गार्ड रिकाम्या खुर्च्यांमधून आमच्याकडे येत होता. "चाचा, खलास. यल्ला." म्हणजे संपलं, चला आता. टॅक्सीवाला त्याला म्हणाला, "दो मिनट, हबीबी, हिसाब मिल नहीं रहा." आता गार्डही वाकून बघायला लागला. बाबांची पेन्सिल एकेका ओव्हरवरून सरकत सोळाव्या ओव्हरवर थांबली. बोलरच्या घरात एक धाव. फलंदाजापुढे काही नाही.

"दोन्हीकडे म्हणून सांगितलं होतं."

"फोन वाजला ना बाबा तेव्हाच."

त्यांनी ती धाव लिहिली. बेरीज जुळली. मग पानाच्या तळाशी स्वतःची सही केली आणि शेजारच्या ओळीवर बोट ठेवलं: दुसरा स्कोअरर. अबूधाबी आणि दुबईच्या पानांवर ती ओळ रिकामी होती.

"कर सही."

मी ऑफिसात दिवसाला पन्नासदा करतो तशी एक रेघोटी मारली.

"हे काय आहे?"

"सही आहे बाबा."

"वाचता येत नाही. मंडळात विचारतील कोण होता म्हणून. नाव लिही."

मी खाली संपूर्ण नाव लिहिलं, मराठीत, शाळेत लिहायचो तसं. गार्ड म्हणाला, "अब तो यल्ला, चाचा!" बाबा उठले, वही बगलेत घेतली. पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "सोळाव्या ओव्हरचं अक्षर मात्र गचाळ आहे हं."