लाल गिटार मी निवडली

सुमेध, ईशा — हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही. तुमच्या आजोबांजवळ नाही, त्यांच्या शेवटच्या आजारातही नाही. तुमच्या आईजवळ नाही — आणि तुम्हाला हे वाचून दाखवणार ती तीच. वाचता वाचता तिचा आवाज थांबला, तर थांबू द्या. घाई करू नका.

मी सगळं क्रमाने सांगणारी बाई आहे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं; फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घातल्याशिवाय माझा खडू पुढे गेला नाही. पण आज सकाळपासून नुसते कागद फाडते आहे. कुठून सुरुवात करायची? तुझ्यापासूनच करते, सुमेध. गेल्या रविवारी तू दोन इलेक्ट्रिक गिटारींचे फोटो पाठवलेस आणि फोनवर विचारलंस, यातली चांगली कोणती? भानूआजोबा माझ्या शेजारीच बसले होते. तू आधी त्यांना विचारलंस. ते हसून म्हणाले, "माझा कान कच्चाय बाळा. आजीला इचार. माझी गिटार बी त्यांनीच निवडून दिल्ती."

तू हसलास. तेही हसले. मी चष्मा पुसायला आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.

भानूआजोबा म्हणजे भानुदास, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. तुम्हाला ते ठाऊक आहेत ते कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर आयुष्य घालवलेले, कमी बोलणारे आजोबा म्हणून. त्यांना काही वाजवताना तुम्ही कधी ऐकलं आहे का? गुणगुणताना तरी? तुमच्या आईनेही ऐकलेलं नाही. मी ऐकलं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. तुमचे आजोबा घनसावंगीला शिक्षक होते आणि शनिवारी मिळेल त्या जीपने घरी यायचे. जालन्याच्या घरात आम्ही तिघंच — मी, सासूबाई आणि भानुदास. त्यांनी मॅट्रिक होऊन पुढे शिकायचं सोडलं होतं. मी घरातली पहिली पदवीधर. कुठला सरकारी कागद आला, औषधाची बाटली आली, कुणाला काही ठरवायचं असलं, की भानुदास म्हणायचे, "वहिनीला इचारा." हे वाक्य मला फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे येईलच.

त्यांचा कान कसा होता, ते आधी सांगते. अंगणात नळ होता. मी नळाखाली घागर लावून आत चुलीपाशी जायची. भानुदास ओट्यावर पाठ करून बसलेले असायचे, आणि बरोबर वेळेला तिथूनच ओरडायचे, "वहिनी, भरली!" घागर भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होत वर चढतो ना, त्या आवाजाबरोबर ते मनातल्या मनात चढायचे. एकदाही चुकले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "मेल्याला नळ बंद कराया उठाया नको, म्हून शिकलाय हे."

ते आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. ढोलक, पेटी, बेंजो — एवढंच सामान. जयंतीला गावोगावी बोलावणं यायचं. एकदा औरंगाबादला त्यांनी कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार ऐकली, आणि तिथून परत आले ते वेगळेच होऊन. दोन हंगाम जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत राबले, खोकत राबले. मग एक दिवस म्हणाले, "वहिनी, गिटार घ्यायचीय. तुम्ही चला संगं. तुम्हाला त्यातलं कळतं."

खरंच कळत होतं. शाळेच्या वयात मी मिशनच्या वसतिगृहात होते, आणि तिथल्या ग्रेसबाईंनी मला चार वर्षं साधी गिटार शिकवली होती. लग्न झालं, गिटार वसतिगृहाची होती, तिथेच राहिली. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, मी ते विसरले आहे.

पुलाजवळ रहीमचाचांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. हैदराबादची कुठली पार्टी मोडली, तिच्या दोन गिटारी त्यांच्याकडे आल्या होत्या. एक लाल, चकचकीत. एक तपकिरी, कडा झिजलेली. दोन्हींचा भाव एकच. चाचा पहिल्याच वाक्याला मोकळे झाले, "मैं तो भोंगे का आदमी हूँ, बेटी. तारां-बिरां तुम देख लेव." स्पीकरचा डबा लग्नाला गेला होता, म्हणून त्यांनी गिटार सरळ छपरावरच्या भोंग्याला जोडली. भानुदासांनी एक तार छेडली मात्र — सगळ्या गल्लीत आवाज घुमला, बाकाखालची शेळी उडी मारून पळाली, आणि समोरचा बांगडीवाला ओरडला, "चाचा, किसका निकाह है?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. हे मी नीट आठवून लिहिते आहे, कारण त्यानंतरच्या काही क्षणांत —

थांबा. आधी गिटार कशी बघायची ते सांगते. तू तेच विचारलं होतंस, सुमेध, आणि ते ज्ञान तरी खरं आहे. रंग बघू नकोस. गिटारीचं डोकं डोळ्यापाशी धरून दांडीवरून सरळ पाहा. दांडी वाकलेली असली तर तिथेच दिसते. मग दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या मोज, बाराव्या पट्टीच्या अगदी वर तारेला बोट नुसतं टेकव, दाबू नकोस, आणि छेड. घंटेसारखा स्वर येईल. आता तीच तार तिथेच दाबून वाजव. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर ती गिटार खाली गोड वाजेल आणि वर जाशील तसतशी बेसूर होईल. प्रत्येक तारेवर बघ.

मी प्रत्येक तारेवर बघितलं. तपकिरी गिटार स्वच्छ होती. दांडी सरळ, स्वर एकाला एक मिळणारे. इतक्या वर्षांनी तो घंटेसारखा स्वर ऐकून माझ्या हातावर काटा आला. भानुदासांनी ती माझ्याकडून घेतली. थोडं चाचपडले. आणि सासूबाई जात्यावर म्हणायच्या त्या ओवीची चाल वाजवू लागले. नुसती चाल नाही, तिच्यातली ती खेचसुद्धा, तार बोटाने बाजूला ओढून. मला चार वर्षांत समोर सुरांचा कागद नसताना एक ओळ वाजवता आली नव्हती. आणि ती खेच? ग्रेसबाई म्हणायच्या, ती कागदावर लिहिता येत नाही.

ते अभिमानाने म्हणाले, "चाचा, आमच्या वहिनी चार साल शिकल्यात ही." चाचा त्यांच्या बोटांकडे बघत होते. म्हणाले, "इसकू तो चार मिनट हुए, बेटी. हाथ इसका है, मानो के नै मानो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

मी लाल गिटार उचलली. दांडीवरून पाहिलं. उन्हात राहिलेल्या फुटपट्टीसारखी वाकली होती. बाराव्या पट्टीवर वाजवलं. चढा. दुसरी तार, चढा. सहाही तारा तपासल्या. मग वर बघून म्हणाले, "ही घ्या, भाऊजी."

ते गोंधळले. "तपकिरी हाताला गोड लागून राह्यली, वहिनी." मी म्हणाले, तिचं लाकूड जुनं आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडकेल, लाल गिटारीत आवाज पकडणारे चुंबकही जास्त आहेत. आणखीही काही बोलले, अर्धं इंग्रजीतून. ते ऐकत राहिले. म्हणाले, "तुम्ही म्हंता तर बराबरच असंल."

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की दुकानात गोंगाट होता, भोंग्यातून नीट कळलं नाही. खोटं आहे. मग सांगत आले की ते सासूबाईंसाठी केलं. त्या रोज घोकायच्या, गिटार आली की हे पोरगं कुठल्यातरी पार्टीमागं निघून जाईल — आणि ते ऑर्केस्ट्राच्या नादाला लागले असते, तर थकलेल्या आईजवळ कोण राहिलं असतं? हे ऐकायला बरं वाटतं. पण दुकानात सासूबाई माझ्या मनात एकदाही आल्या नव्हत्या. मनात एकच होतं. जे मला मिळालं नाही, ते यांना असं फुकट का मिळावं?

आणि पोरांनो, हेसुद्धा सगळं नाही. इथेच थांबले तर मी पुन्हा खोटं बोलले असं होईल.

जयंतीला केदारखेड्याचं बोलावणं होतं. भानुदास लाल गिटार घेऊन गेले. खालच्या पट्टीत लोक खूश. वर चढले तशी गिटार पेटीपासून सुटायला लागली. पेटीवाले मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "भान्या, कुठं चाल्ला रे? गाव इकडं हाय!" लोक हसले. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, वर गेलं की सूर चढून राह्यलाय. मला ऐकू येतंय." त्यांना ऐकू येणारच. घागर ऐकणारा कान तो! मी काय म्हणाले? म्हणाले, लोखंडी तारेचं असंच असतं, इंग्रजी वाद्यांचे सूर थोडे वेगळे लागतात, तुम्हाला बेंजोची सवय आहे, कान बसेल हळूहळू.

आणि त्यांनी कान बसवायला सुरुवात केली. रोज दुपारी भोंग्याशिवाय, गिटारीच्या खोक्याला कान लावून. चुकीचा स्वर बरोबर वाटेपर्यंत. मी आत भाजी चिरत ऐकायची. वाटायचं, आज त्यांना कळेल. कळू दे. नको, कळायला नको. असे कित्येक महिने गेले. शाळेत जाताना रस्त्यात चाचांचं दुकान लागायचं. तपकिरी गिटार अजून भिंतीवर टांगलेली दिसायची. तिथे शिरून चार शब्द बोलले असते तर चाचांनी हसत बदलून दिली असती. रोज दिसायची. एक दिवस खिळा रिकामा दिसला. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मग औरंगाबादच्या त्या ऑर्केस्ट्रात जागा निघाली. भानुदास इस्त्रीचा शर्ट घालून, गिटार कापडात गुंडाळून गेले आणि त्याच संध्याकाळी परत आले. तिथल्या मुख्य गायकाने उंच पट्टीत गायलं, यांना साथ करायला सांगितली, आणि दोन ओळींत हात वर केला. म्हणाला, मेहनत आहे, पण कान कच्चा आहे.

ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. खोट गिटारीत हाय का माझ्या कानात?"

माझ्याजवळ उत्तर होतं. त्यांनी ते माझ्यासमोर मांडलंच होतं, मी नुसतं बोट ठेवायचं होतं. ते चिडले असते, महिनाभर बोलले नसते. मग दुसरी गिटार शोधली असती. त्यांचं सगळं वाचलं असतं. जाणार होतं ते फक्त माझं — "वहिनीला इचारा" हे वाक्य.

मी म्हणाले, "गिटार मी स्वतः तपासून घेतली होती, भाऊजी."

कानात खोट आहे असं मी म्हणाले नाही. तेवढं त्यांनी स्वतःच समजून घेतलं. "मंग झालं," म्हणाले, आणि गिटार आत नेऊन गोधड्यांच्या थप्पीवर ठेवली. बेंजोही पार्टीला परत केला.

दुसऱ्या दिवशी नळ आला. मी घागर लावली आणि आत गेले. पाण्याचा आवाज चढायला लागला. मी हाकेची वाट बघत होते. आवाज चढला, अगदी वर गेला, मग पाणी काठावरून सांडायला लागलं. बाहेर येऊन पाहिलं तर भानुदास ओट्यावरच होते, आज घागरीकडे तोंड करून. पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. ते घागरीकडे बघत होते — भरली की नाही हे डोळ्यांनाही नक्की सांगता येत नसल्यासारखे. नळ मी बंद केला.

हे सगळं आधी त्यांना सांगायला हवं होतं, तुम्हाला नाही. तेही माझ्याच्यानं झालेलं नाही.

गेल्या वर्षापासून ते माझ्याकडेच राहतात. आज सकाळी मी हा कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. ते फिल्टरपाशी बाटली भरत होते. चष्मा लावून, कमरेत वाकून, बाटली उजेडाकडे धरून, पाणी कुठवर आलं ते बघत बघत. बाटलीतला आवाज बारीक होत वर चढत होता. मला ऐकू येत होता. ते डोळ्यांनी बघत राहिले, आणि पाणी गळ्याशी आलेलं दिसलं तेव्हा त्यांनी तोटी बंद केली.