चार चाकोऱ्यांची गाडी: नाशिक ते सातपाटी

गाडी डावीकडे ओढते, गाडी डावीकडे ओढते, असं दिवाळीपासून ओरडतेय मी. घरात उत्तर एकच, "गाडी नाही ओढत, तुझा हात ओढतो." हे आमचे मालक. गॅरेजवाल्यानं स्टेअरिंगचा डबा उघडला, टाय रॉडची टोकं बदलली, पुढची चाकं दोनदा खोलली. तरी तेच. शेवटी तोही मालकांना म्हणाला, "काका, काकूंना जरा सावकाश चालवायला सांगा." मी तिथंच उभी होते. मला नाही, त्यांना सांगितलं.

मग मालकांनी अँबॅसॅडर विकायची ठरवली. गिऱ्हाईकही बघून ठेवलं. माझी खानावळ त्या गाडीवर चालते. पहाटेची भाजी, कारखान्यातले दुपारचे डबे, सगळं तिच्यातून जातं. ते डोक्यावर नेऊ का, हे कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, विकायची तर विका, पण आधी पावसाळ्याचे बोंबील भरून आणते. नणंद सुशीला हिला शेजारी बसवलं आणि उजाडताना निघाले.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर, असा रस्ता. जाणार असाल तर टाकी नाशकातच भरा आणि पाणी घ्या, वैशाखात घसा वाळतो. मोखाड्याच्या पुढं डोंगरातल्या बाया पळसाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, ती सोडू नका. जव्हारला मिसळ खाल्ली, नाकातून पाणी आलं. रस्ता देखणा, पण वळणं फार. डाव्या वळणाला गाडी आनंदानं जायची, उजव्याला दारात म्हैस अडावी तशी अडायची. माझे खांदे भरून आले.

"वैनी, मी देवापुढं दिवा लावला होता ना गं?" सुशीला डोळे मिटून.

"लावला होतास. आता दरी संपेपर्यंत डोळे उघडू नकोस."

दुपारी सातपाटी. वासानं नाक दाबून बसाल तर घरीच बसा. मी तर बघतच राहिले. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, जोडीजोडीनं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. दोरा नाही, खिळा नाही, आणि वाऱ्यात एक खाली पडत नाही. ओळीच्या ओळी, समुद्रापर्यंत.

ओल्या वाळूवरून गाडी थेट आत घातली. हिराबाय नावाची कोळीण पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. बोंबलाचा भाव विचारला, तर ती गाडीच्या मागं बघतेय.

"बाय, गाडी तू चालवतेस?"

"मग काय नणंद ढकलते?"

"तसं नाय. तुजी गाडी खेकड्यावानी चालते. तोंड एकीकडं, ढुंगण एकीकडं."

सुशीला फस्सकन हसली. मला राग आला. हिराबायनं मनगट धरून मला मागं नेलं आणि वाळू दाखवली. "सरळ आलीस ना? मंग मागचं चाक पुढच्याच्याच चाकोरीतून जायला पायजे. दोनच चाकोऱ्या. मोज."

चार होत्या. मागच्या चाकांच्या दोन वेगळ्या, जरा उजवीकडं सरकलेल्या.

"अहो, पण स्टेअरिंग उघडून बघितलं."

"स्टेरिंग म्हंजे सुकानच ना? आमच्या होडीचं सुकान मागं असतं. होडी वाकडी चालली का आमी पयलं मागं बगतो. तुमी सगली पुढंच बगत बसलात."

एवढं सांगितलं, पण भावात पैसा कमी केला नाही तिनं. नका करू म्हटलं, दोन गोणी भरा.

रात्री पालघरला स्टेशनजवळच्या लॉजवर राहिलो. खोली साधी, चादर धुतलेली. खाली पापलेटाचं जेवण मिळतं. नाशकात तेवढ्या पैशात नुसती भाजी येते.

सकाळी बोईसर गाठलं. कारखान्यांच्या रस्त्याला गॅरेजं ओळीनं आहेत. आम्ही गेलो ते मिस्त्रीचं. माणूस भारी बडबड्या, सगळ्या बोईसरच्या गाड्या आपल्यामुळंच चालतात असं सांगणारा. पण काम बघत राहावं असं. मी म्हटलं, स्टेअरिंग नको, मागं बघा. त्यानं जाळ्याची दोरी घेतली आणि डावीकडं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत धरली. मग तेवढीच दोरी दुसऱ्या बाजूला. उजवीकडं तीन बोटं कमी पडली.

"बहनजी, स्टेरिंग को गाली मत दो," तो ओरडला, "वो बेचारा बेकसूर है!"

मग गाडीखालून त्याचा आवाज. मागचा आस कमानपाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसतो. त्या पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्यानं आस जागेवर राहतो. तो तुटला होता. उजवीकडचं चाक मागं सरकलं होतं, म्हणून गाडी डावीकडं जायची.

"पाटा कब बदला था?"

दिवाळीत. मालकांनी डिकीत गव्हाची पोती भरली आणि खड्ड्यातून दामटली, तेव्हा तुटला होता. नवा घातला, पण पाटा आसाला आवळून धरणारे यू बोल्ट गाडी थोडी चालल्यावर पुन्हा कोणी आवळलेच नाहीत. ढिले राहिले की सगळा भार मधल्या बोल्टवर येतो, आणि तो जातो.

त्यानं नवा बोल्ट घातला, जॅक लावून आस जागेवर आणला, नट समोरासमोरचे आवळले. मी पैसे काढले तर म्हणाला, "अभी नहीं. तारापूर घूम के आओ, फिर से कसूँगा." मला लगेच पटलं. नव्या बाजेचं सुंभ दोन रात्री झोपलं की पुन्हा आवळावंच लागतं. तुम्हीही पाटे बदललेत तर हे विसरू नका.

म्हणून तारापूर बघायला मिळालं. वीजकेंद्राच्या वसाहतीकडचा रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना झाडं. मागंपुढं कोणी नव्हतं. मी वेग कमी केला आणि स्टेअरिंगवरचे हात काढले.

"वैनी! हात!"

"मांडीवर आहेत. बघ."

गाडी सरळ चालली होती. सुताच्या रेषेत. सुशीलानं आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग तिला रडूच आलं. मी रडले नाही. घिवलीला समुद्रावर बसून ताडगोळे खाल्ले, तोंड धुतलं, आणि परत मिस्त्रीकडं. नट खरंच अजून फिरले. ग्रीस मारून दिलं, आणि समुद्राकाठी फिरलात तर घरी जाऊन पाटे खालून गोड्या पाण्यानं धुवा, असंही ओरडून सांगितलं.

परतीला जव्हारची वळणं मी गाणं म्हणत घेतली. बोंबील माळ्यावर चढले. माझ्याकडं राहिलं ते हिराबायचं वाळूवरचं बोट. आता कोणाचीही गाडी गेली की मी आधी मागून बघते.

हे उद्या महिला मंडळाच्या भिंतीवर लागणार आहे. मालक, तुम्ही तिथून रोज जाता, तेव्हा तुम्हीही वाचाल. तुमचं गिऱ्हाईक रविवारी येतंय. त्याआधी माझ्या शेजारी बसून गंगापूरच्या रस्त्याला चला. हात मी मांडीवर ठेवते, ओढतंय कोण ते तुम्ही बघा. मग गाडी विकायची का, ते एका शब्दात सांगा. शनिवारी संध्याकाळी डबे परत येतात, तोवर उत्तर पाहिजे.