उजव्या खिशातले चिंचोके

ही गोष्ट मी सतरा-अठरा वर्षं कुणाला सांगितली नाही. विषय तिकडे वळू लागला की मी चहा मागवायचो. बबन काकडे जाऊन आता पाच आठवडे झाले. त्या सकाळी फिरून आलो होतो, बूट काढत होतो, तेवढ्यात सुनंदावहिनींचा बिडकीनहून फोन आला. "सर, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी एका पायात बूट ठेवून तसाच बसून राहिलो. खरं सांगतो, मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता मला कुणी विचारणार नाही, हे आलं... त्या सुटकेची लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

मी शहरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. मुलींचा बेसबॉल संघ माझ्याकडे होता, पण हा खेळ मला नियमांच्या पुस्तकातून येत होता. काकडे मानधनावर प्रशिक्षक म्हणून आमच्याकडे आले आणि पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणं, काय असतं ते मला डोळ्यांनी दिसलं. पहिले तीन आठवडे त्यांनी मुलींच्या हातात चेंडूच दिला नाही, चेंडू फेकल्यासारखा झटकायला टॉवेल दिला. गुडघा छातीपर्यंत उचलायचा आणि काकडे "हं" म्हणेपर्यंत एका पायावर उभं राहायचं. पिचर उभी राहते त्या माउंडपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंत चुन्याची रेघ ओढलेली असायची, पुढचं पाऊल तिच्यावरच पडलं पाहिजे. आधी कंबर वळायची, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. पाऊल टेकताना कोपर खांद्याच्या रेषेत हवं. ते खाली आलं की समजायचं, पाय आणि कंबर थकली, आता सगळा भार कोपरावर पडतोय. "चेंडू हातानं नाय, पायानं फेकायचा असतो," हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! चेंडू सुटल्यावर पाठ पूर्ण वाकावी म्हणून ते ओरडायचे, "मनीषा, बुटाची नाडी बांधायला वाक गं! कुठं फोटो काढायला उभी राहिलीस?"

मनीषा नववीतली, फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारी, उंच आणि सडपातळ. तिचं पाऊल रेघेवरून कधी ढळायचं नाही. काकड्यांनी शिकवलेलं सगळं त्या एका मुलीच्या अंगात जसंच्या तसं उतरलं होतं.

चेंडू मोजायची काकड्यांची स्वतःची पद्धत होती. एका पत्र्याच्या डबीत सत्तर चिंचोके. सामना सुरू झाला की ते उजव्या खिशात ओतायचे आणि दर चेंडूला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. उजवा खिसा रिकामा झाला की पिचर खाली, मग सामना कुठंही असो. मी त्यांची चेष्टा करायचो. "काय ओ काकडे, पोरींना पिचिंग शिकवता का सारीपाट?" ते हसायचे. "सर, तोंडानं मोजलं की माणूस सोतःला सूट देतो. चिंचोका देत नाय."

राज्य स्पर्धेचा अंतिम सामना, सात इनिंगचा, त्या वर्षी आमच्याच मैदानावर होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर राज्याचं एकही विजेतेपद नव्हतं. दुसऱ्या इनिंगमध्ये आमच्या कॅचरच्या बोटावर चेंडू बसला, बोट वाकडं झालं. तिला रिक्षातून दवाखान्यात न्यायला काकडे निघाले. जाताना दोन्ही खिसे माझ्या खिशांत रिकामे केले, उजवा उजव्यात, डावा डाव्यात. "खिसा संपला की उतरवा तिला. स्कोअर बघू नका, सर. लई मोह व्हतो."

पाचव्या इनिंगच्या शेवटी खिसा संपला. आम्ही एका धावेनं पुढे होतो. दुसरी पिचर तयार होती, पण तिचे दोन चेंडू प्लेटवर पडले तर तिसरा बाहेर जायचा. मनीषा घाम पुसत माझ्याकडे आली. "सर, किती राहिलेत?" मी उजव्या खिशात हात घातला. आत नुसतं अस्तर होतं.

"आहेत अजून," मी म्हणालो.

ती पाणी प्यायला वळली तेव्हा मी डाव्या खिशातून एक मूठ काढली आणि उजव्यात टाकली. पुढच्या दोन इनिंग मी ते चिंचोके पुन्हा एकेक करून डावीकडे टाकत गेलो, जणू मीही नियम पाळतच होतो. सहाव्या इनिंगमध्ये तिचं पाऊल रेघेबाहेर पडू लागलं. सातव्यात कोपर खाली आलं. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हणायची सोयच नाही, रोज संध्याकाळी माझ्या समोरच तर ते शिकवलं जायचं. दर चेंडूनंतर ती हात झटकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी टाळ्या वाजवत होतो. शेवटची बॅटर बाद झाली, मुली किंचाळत धावत आल्या, आणि मनीषा माउंडवरच उभी राहिली... तिला मूठ मिटता येत नव्हती.

काकडे परतले तेव्हा ढोल वाजत होते. त्यांनी कप बघितला नाही, तिचं कोपर हातात घेऊन बघितलं. मग माझ्याकडे आले. "खिसा कधी संपला, सर?"

"शेवटच्या चेंडूला. अगदी बरोबर."

त्यांनी माझ्या डाव्या खिशातले चिंचोके डबीत मोजून घेतले. सत्तर भरले. ते भरणारच होते. स्कोअरशीटवर चेंडू मोजायची रीत तेव्हा आमच्याकडे नव्हती. घरी जाऊन मी आमच्या स्वयंपाकघरातल्या चिंचोक्यांची मूठ भरून पाहिली. एका मुठीत तीस मावले.

महिन्याभरानं मनीषाचे वडील शाळेत आले. "गुरुजी, पोरीला भाकर थापता येईना. काय शिकवलंत तिला?" कोपराचा स्नायुबंध तुटला होता. खेळ संपलाच होता. काकडे मान खाली घालून उभे होते. मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी निवेदन मागितलं. मी एकच वाक्य लिहिलं: पिचिंगचं संपूर्ण प्रशिक्षण काकडे यांच्याकडे होतं. त्यात एक शब्द खोटा नाही. पुढच्या जूनमध्ये काकड्यांना शाळेनं बोलावलं नाही.

ते माझ्यावर चिडले असते तर मी सुटलो असतो. ते बिडकीनला गेले, पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम करू लागले आणि रविवारी गावातल्या मुलामुलींना शिकवत राहिले. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे यायचे. पहिल्याच दिवाळीला म्हणाले, "सर, माझंच चुकलं. वाढत्या हाडाला सत्तर जास्तच व्हतात. आता पन्नास ठेवलेत." मी त्यांच्या बशीत आणखी एक करंजी वाढली.

गेल्या महिन्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी बिडकीनच्या बसमध्ये बसलो. रस्ताभर एक वाक्य पाठ करत होतो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. काकड्यांचा आवाज पार बसला होता.

"सर, एक कोडं सुटलं नाय बघा. मनीषाची पद्धत एवढी शुद्ध. चेंडू मोजून सत्तर. मंग कोपर गेलं कसं? मी शिकवताना कुठंतरी चुकलो असंन ना?"

ते माझ्याकडे बघत होते. पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"नशीब असतं एकेकाचं, काकडे," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. मान त्यांनी भिंतीकडे वळवली. वहिनी चहा घेऊन आल्या. चार दिवसांनी तो फोन आला.

मागच्या रविवारी मी फुलंब्रीला जाऊन आलो. मनीषा तिथं शाळेत शिकवते, फळ्यावर डाव्या हातानं लिहिते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे काकडे सरांना माहीत होतं?" मी नाही म्हणालो. ती उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

दहाव्याला वहिनींनी ती पत्र्याची डबी माझ्या हातात दिली होती. "तुमच्या दोघांची आठवण, सर." ती आता माझ्या टेबलावर आहे. हे लिहायला बसण्याआधी उघडून मोजले. चाळीस निघाले. सत्तरचे पन्नास, पन्नासचे चाळीस... माझ्या एका मुठीएवढे चिंचोके त्या माणसानं स्वतःची चूक समजून कमी केले होते.

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. काकडे, खिसा पाचव्या इनिंगलाच संपला होता, तुमचं काही चुकलं नव्हतं, मला माफ करा.