जाळीघरातलं माकड

दिल्लीतल्या आमच्या संस्थेत आम्ही भाताच्या एका जनुकात बदल केला होता, कमी पाण्यातही दाणा भरावा म्हणून. ऑक्टोबरात कुंड्यांचं पाणी तोडलं, तरी काही रोपांना लोंब्या आल्या. ती रोपं बारीक जाळीने बंदिस्त केलेल्या जाळीघरात होती आणि चाचण्या संपेपर्यंत त्यातला एक दाणाही बाहेर जाता कामा नये, असा नियम होता.

एका दुपारी जेवायला निघताना मी जाळीघरात शिरले. आतून दार लावून वळले, तर समोर माकड. जाळी फाडून आलेलं. त्याच्या हातात आमची लोंबी होती. मला पाहून त्याने दात विचकले.

"पळू नका, मॅडम," जाळीबाहेरून माझे एक सहकारी हळूच म्हणाले. "मी काठी आणतो."

"काठी नको. लोंबी घेऊनच पळेल ते."

ते अंगावर येईल ही भीती होतीच, पण बाहेर जाईल ही त्याहून मोठी होती. हातातला डबा उघडून मी पोळ्या लांब कोपऱ्यात फेकल्या. ते माझ्याकडे पाहत राहिलं. मग लोंबी टाकून त्याने पोळ्या उचलल्या आणि ते फाटक्या जाळीतून निघून गेलं.

सांडलेले दाणे आम्ही गुडघ्यांवर बसून वेचले. बाकीच्या कुंड्या शाबूत होत्या. पेरणीपुरतं बी मिळालं. वरिष्ठांनाही कळवलं. पण माकडाच्या गालात किती दाणे गेले, हे कुणालाच सांगता येईना. पुढचा पावसाळाभर मी कुंपणालगतचं गवत निरखत होते. भातासारखं पातं दिसलं की वाकून तपासायचे. भात मात्र कुठेच उगवला नाही.